मदत हवी आहे: बायॉस अपडेट अर्धवट राहिलं, ग्राफिक्स कार्ड बंद

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. धाकट्या भावाच्या ग्राफिक्स कार्डाचं बायॉस (कार्ड सुरू करणारा, त्याच्यावरच्या चिपमध्ये साठवलेला मूळ प्रोग्राम) अपडेट चालू असतानाच लाईट गेली. आता पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. मदरबोर्डच्या डिस्प्लेवर पीसी चालतो, मात्र फ्लॅशचं, म्हणजे बायॉस चिपवर लिहिण्याचं, सॉफ्टवेअर कार्ड ओळखतच नाही. जुन्या बायॉसची फाइल जपून ठेवली आहे, तेवढं बरं.

म्हणजे ती फाइल बायॉसच्या चिपवर प्रोग्रामरनेच (चिपवर थेट लिहिणाऱ्या छोट्या उपकरणाने) लिहावी लागणार. चिप १.८ व्होल्टची आहे आणि साधा सीएच३४१ए प्रोग्रामर ३.३ व्होल्ट देतो, त्यामुळे मध्ये व्होल्टेज कमी करणारा अॅडॅप्टर हवाच, नाहीतर चिप जळायची. प्रोग्रामरची क्लिप चिप कार्डावर असतानाच तिला लावावी की चिप काढून घ्यावी? जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात हे काम खात्रीने करणारं कुणी आहे का? भावाचं अॅनिमेशनचं सगळं काम याच कार्डावर चालतं, पोरगा धड जेवतही नाहीये. माहिती असेल तर कृपया लवकर कळवा.