मदत हवी आहे: ‘मॅरिगोल्ड म्हणजे दुःख’ हा अर्थ नेमका कुठल्या फुलाचा?

जुन्या बागांमधल्या फुलझाडांच्या पाट्या लिहितेय. रोझमेरीचं ‘स्मरण’ सरळ जमलं, मॅरिगोल्डपाशी मात्र अडले.

इंग्रजीत दोन फुलांना हेच नाव: झेंडू आणि कॅलेंडुला. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, युरोपात पोचला १६व्या शतकात. म्हणजे त्याआधीच्या युरोपीय मजकुरातलं मॅरिगोल्ड हे कॅलेंडुलाच. (माझ्या वाफ्यातलंही तेच आहे: पानं अखंड, बोटांना चिकटणारी. झेंडूची पिसासारखी कातरलेली असतात.)

१९व्या शतकातल्या ‘फुलांच्या भाषे’च्या (कुठलं फूल म्हणजे कुठली भावना, हे सांगणाऱ्या) याद्या चाळल्या. त्यात दुःख, चिंता असे अर्थ आहेत. पण हे फूल उन्हासोबत उघडतं, मिटतं. त्यात दुःख कुठून आलं? फ्रेंचमध्ये कॅलेंडुलाला ‘सुसी’ म्हणतात आणि काळजीलाही ‘सुसी’च! फुलाचं नाव मात्र सूर्यामागे जाणाऱ्या अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. मला तरी हा सगळा त्या श्लेषाचाच प्रताप वाटतो.

पाटीवर जेमतेम दोन ओळी मावतात, त्यामुळे अंदाज नको. मला फ्रेंच येत नाही, भाषांतर चालेल. औषधी उपयोग नकोत.

१८०० पूर्वीच्या एखाद्या मजकुरात किंवा चित्रात कॅलेंडुला दुःखाचं प्रतीक म्हणून आलेलं कुणी पाहिलंय का?