दिल्लीत एकच वास्तू निवांत बघायची तर कुठली?

शहापूरची लेक:
दिवाळीच्या सुट्टीत आई, आमचे हे, मी आणि सातवीतला मुलगा गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला निघालोय. आईनं शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिलेला. "एवढं मोठं छप्पर आणि मधे एक खांब नाही!" हे अजून सांगते. तिला तसंच कायतरी दाखवायचंय. खरं तिचे गुडघे दुखतात. ट्रॅव्हलवाले एका दिवसात सगळी दिल्ली फिरवतो म्हणतात, ती पळापळ नको वाटते.

निपाणीकर:
कुतुबमिनार बघा. 72.5 मीटर उंच, आणि आतला जिना 1981 च्या अपघातापासून बंदच आहे, त्यामुळं वर न गेल्याची चुटपुट आईंना लागणार नाही. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तेवढं लक्षात ठेवा.

खानापूरवाला:
ताई, हुमायूनची कबर. तुमची गाडी हजरत निजामुद्दीनला थांबते, तिथनं ती जवळच आहे. खरं उतरल्या उतरल्या जाऊ नका, दुपार कलल्यावर जा. आपण पश्चिमेच्या दरवाजातनं आत येतो, त्यामुळं ऊन नेमकं समोरच्या लाल दगडावर आणि पांढऱ्या संगमरवरावर पडतं. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. दरवाजातनं बागेत आल्यावर ते थांबलेच, बराच वेळ बोलले नाहीत.

गोल घुमट 1656 चा, ही त्याच्या 80 एक वर्षं आधीची. हुमायूनच्या बेगमेनं, बेगा बेगमनं बांधवून घेतलेली. घुमट दुपदरी आहे. बाहेरचा लांबनं दिसावा म्हणून उंच, आतला खोलीला शोभेल एवढा. आणि विजापूरसारखंच इथंही वर दिसते ती नुसती खूण, खरी कबर खाली तळात. हे आईंना सांगा, त्यांना आवडेल.

शहापूरची लेक:
पायऱ्या किती हो?

खानापूरवाला:
चौथऱ्यावर जायच्या पायऱ्या उभ्या आहेत, वडील चढले नाहीत. ते बागेतच बसले. आईंना नाही जमलं तर आत शिरताना उजव्या हाताला इसा खान नावाच्या सरदाराची कबर आहे, 1547 ची, अष्टकोनी, बैठी. निळ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. मला तर तीच जास्त आठवते.

आणि एक करा. जायच्या आधी मुलाला आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी दाखवा, 1204 चं जैन मंदिर. छतातलं दगडी कमळ मान वर करून बघू दे. आमच्या पोरीला दाखवलेलं. दिल्लीत आत पाऊल टाकल्या टाकल्या तिनं आधी वरच पाहिलं.