ट्रेनिंग कॅम्प चालवणारा गुन्हेगार, की फक्त गोळी झाडणारा?

वाटसरू:
योवित्सा स्टानिशिच आणि फ्रांको सिमातोविच ही नावं आपल्याकडे फार कुणी ऐकली नसतील. युगोस्लाव्हिया फुटून युद्धं पेटली तेव्हा सर्बियाचा राष्ट्राध्यक्ष होता मिलोशेविच; त्याच्या काळात स्टानिशिच हा गुप्तचर खात्याचा, म्हणजे डीबीचा प्रमुख, आणि सिमातोविच त्याच्या हाताखाली स्पेशल युनिट बघायचा. 1991 मध्ये क्रोएशियात क्निनजवळ गोलुबिचला कॅम्प सुरू झाला, ऑस्ट्रेलियाहून आलेला कॅप्टन द्रागान तिथं सर्ब पोरांना लढायला तयार करायचा, पुढे इलोकजवळ पायझोशला कॅम्प. पायझोशला तयार झालेली माणसं 17 एप्रिल 1992 ला बोस्नियातल्या सावा नदीकाठच्या बोसान्स्की शामात्समध्ये घुसली, शहर ताब्यात घेतलं, मुस्लिम आणि क्रोएट लोकांना शाळेबिळेत कोंडून बेदम मारलं, आणि 7 मे ला त्स्र्क्विनात कमीत कमी 16 कैद्यांना मारून टाकलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे कोर्टाने 2013 ला या दोघांना निर्दोष सोडलं, 2015 ला अपिलात ते रद्द झालं आणि खटला पुन्हा पहिल्यापासून, मग 2021 ला 12 वर्षं शिक्षा, 2023 ला अपिलात ती 15 झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की कुणाला तयार करतोय आणि तो पुढे काय करणार हे माहीत असताना कॅम्प चालवला तर तोही त्या खुनात सामील आहे. 2023 चा निकाल बरोबर आहे आणि तो दहा वर्षं उशिरा आला.

काळा_कोट:
मी फौजदारी प्रॅक्टिस करतो म्हणून लिहितोय. 2013 च्या निकालाला लोक सरळ शिव्या घालतात ते मला पटत नाही. तेव्हा युद्ध चालू होतं, आपल्या बाजूच्या लोकांना हत्यार चालवायला शिकवणं हा स्वतःत गुन्हा नाही. गुन्हे झालेच नाहीत असं कोर्टाने म्हटलेलं नाही, कॅम्पला मदत झाली हेही मान्य केलं, पण मदत नेमकी त्या गुन्ह्यांसाठीच होती हे सिद्ध झालं नाही असं बहुमत होतं. त्याच वर्षी युगोस्लाव्ह सैन्याचा प्रमुख राहिलेला जनरल पेरिशिचही याच मुद्द्यावर सुटला, त्याला आधी 27 वर्षं झाली होती. आता मनातला हेतू अंदाजाने ठरवायला लागलो तर उद्या कुणालाही आत टाकता येईल.

निशिगंधा:
दादा, "नेमकी त्यासाठीच" ही अट मुळात आली कुठून? सिएरा लिओनच्या कोर्टात लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यानेही हाच बचाव केला होता, 2013 मध्येच, आणि अपिलात न्यायाधीशांनी तो साफ नाकारला, 50 वर्षं कायम. मग हेगमध्येही 2014 ला दुसऱ्या अपिलात ही अट चुकीची म्हणून सोडून दिली. आणि 2013 च्या निकालात तीनातल्या एक न्यायाधीश, मिशेल पिकार, यांनी विरोधी मत दिलं होतं हे का सांगत नाही तुम्ही.

माळरान:
1971 ला बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला आपण कॅम्प काढून ट्रेनिंग दिलं, हत्यारं दिली, आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. पण मुक्तिवाहिनीच्या काही लोकांनी बिहारी मुसलमानांना मारलं हेही खरं आहे ना. मग आपल्या अधिकाऱ्यांनाही हेगला न्यायचं का? मोठ्या देशांना कुणी विचारत नाही आणि हरलेल्या सर्बियाला मात्र धरलं, हे मला खटकतं.

वाटसरू:
माळरान, प्रश्न चांगला आहे आणि मी टाळणार नाही. कॅम्प काढला म्हणून शिक्षा व्हावी असं मी म्हणतच नाहीये. ज्यांना शिकवलं त्यांनी नागरिक मारले हे कळल्यावरही अधिकाऱ्यांनी त्याच टोळ्यांना पगार आणि काडतुसं चालू ठेवली असतील तर प्रश्न आपल्यालाही लागू होतो, आपला देश आहे म्हणून मी माप बदलणार नाही. स्टानिशिच-सिमातोविचच्या बाबतीत तर ते चालूच राहिलं. 1992 ला बोस्नियातल्या बियेलिना, झ्वोर्निक, डोबोय इथेही गुन्हे झाले, आणि 1995 ला त्रनोवोत स्कॉर्पियन्स टोळीने स्रेब्रेनित्साहून आणलेल्या सहा जणांना मारलं, त्यात अल्पवयीन मुलं होती, आणि मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढला. 2023 च्या निकालात या सगळ्याची जबाबदारी या दोघांवरही आली आहे.

आणि हेतू अंदाजाने ठरवला म्हणता, तर 1997 चा, सर्बियातल्या कुला इथल्या युनिटच्या समारंभाचा व्हिडिओ बघा. मिलोशेविच समोर बसलाय आणि सिमातोविच अभिमानाने युनिटचा इतिहास वाचतोय, 26 कॅम्प काढले म्हणून सांगतोय.

काळा_कोट:
समारंभातलं भाषण आहे ते. साहेब समोर असला की माणूस फुगवून बोलतो, आकडे वाढवतो, त्यावर कुणाला जन्मभराची शिक्षा द्यावी असं मी कधीच म्हणणार नाही. शिवाय अटक 2003 ला आणि शेवटचा निकाल 2023 ला, वीस वर्षं! मध्ये एकदा निर्दोष सुटून घरी गेलेला माणूस, त्याला पुन्हा पहिल्या साक्षीदारापासून बसवायचं. सगळ्यात मोठा आरोपी मिलोशेविच तर 2006 लाच निकालाआधी गेला.

निशिगंधा:
उशिराबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, आणि त्याचा त्रास आरोपींपेक्षा शामात्सच्या लोकांना जास्त झालाय. ज्यांचे वडील त्स्र्क्विनात गेले त्यांनी 31 वर्षं वाट बघितली हो, त्यांना मध्ये 2013 ला "निर्दोष" ऐकायला लागलं.

वाटसरू:
काळा कोट, भाषण बाजूला ठेवू. पण डीबीने युनिटच्या माणसांना भत्ते दिल्याच्या याद्याही पुराव्यात होत्या, नावानिशी. समारंभात कुणी फुगवून बोलेल हे मी मान्य करतो, पण भत्त्याची यादी साहेबाला खूश करायला कुणी बनवत नाही.