गल्लीतला गाण्याचा क्लास : तुमचे अनुभव सांगा

आमच्या दादरच्या बाईंचा क्लास मार्चमध्ये बंद झाला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, बाई मुलाकडे पुण्याला गेल्या, संपलं. पाटी कधी नव्हतीच, जिन्याखाली चपलांचा ढीग दिसला की समजायचं बॅच चालू आहे. मोठ्या संस्थांचं सगळं कुठे ना कुठे छापलेलं असतं, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं, मग कर्जापायी इथली इमारत लिलावात गेली वगैरे. आमच्या बाईंचं कोण छापणार? म्हणून हा धागा.

सुरुवात मीच करतो. खोली रुळांना लागून होती. गाडी आली की बाई नुसता हात वर करायच्या, म्हणजे सा धरायचा आणि गाडी जाईपर्यंत सोडायचा नाही. फास्ट लोकल असली तर सुटलो, मालगाडी आली तर मेलो. माझा दम आहे तो त्या मालगाड्यांमुळे, प्राणायाम वगैरे मी कधी केलेला नाही.

काळी_चार :
माझे आजोबा गिरगावातले. ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांचं स्कूल ऑफ इंडियन म्युझिक होतं ना, १९२५ मध्ये निघालेलं, तिथे ऑफिस सुटल्यावर जायचे. कुमार गंधर्व लहानपणी तिथेच शिकायला आले. आजोबांची आयुष्यभराची फुशारकी एवढीच की कुमार आत गात होते आणि मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. तुम्ही स्वतः काय शिकलात विचारलं की "दोन वर्षं यमन" म्हणायचे आणि विषय बदलायचे. पण देवधर स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे बघा, लाहोरहून निघालेली गोष्ट आमच्या घरात आजोबांच्या आंघोळीच्या यमनपर्यंत येऊन थांबली :)

सव्वासातची_बॅच :
विलेपार्ले, ताईंचा क्लास, दर वर्षी परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी चढायची. विशारदच्या तोंडीला परीक्षकांनी विचारलं भूप आणि देसकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर, मग फरक काय? मी पाठ केलेलं धाडकन म्हणून टाकलं, भूपात ग वादी (मुख्य स्वर) ध संवादी (त्याच्या खालोखालचा) आणि देसकारात उलटं. ते म्हणाले, आता गाऊन दाखव. गायले तो भूपच झाला दोन्ही वेळेला. पास केलं त्यांनी, पण ताई आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. नंतर अख्खा महिना फक्त देसकार, आणि तोसुद्धा धैवतावर बसून राहायचं, खाली यायची घाई केली की पेटी बंद करायच्या.

मला विचाराल तर परीक्षांनी क्लास जगवले, कारण सर्टिफिकेट मिळतं म्हणून आईबाप पोरांना पाठवतात. गाणं किती जगवलं तो वेगळा वाद.

डग्गा :
कलिना, तळमजला, तबल्याचा क्लास. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता तो दिवस. सर माळ्यावर चढून बसलेले आणि डग्गा तरंगत तरंगत दारापर्यंत आला, हे ते हसत सांगायचे पण त्यांच्या वह्या गेल्या, सगळे कायदे-रेले, म्हणजे तबल्याच्या रचना, हाताने लिहिलेले, लगदा झाला. डग्ग्याची पुडी बदलली, तो अजून वाजतो. वह्या मात्र आम्ही पोरांनी आपापल्या वहीतून उतरवून दिल्या, त्यात माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही गेल्या आणि पुढची पोरं त्याच चुका उतरवतायत.

नावडता_विद्यार्थी :
सगळे गोड लिहितायत म्हणून माझं पण. मला क्लास अजिबात आवडायचा नाही. गल्लीत क्रिकेट चालू आणि मी खिडकीत अलंकार घोटतोय, सासा रेरे गग, तिसऱ्या ओळीला बाहेरून कोणीतरी नक्कल करणार. शिवाय आमचे मास्तर मारायचे, पट्टीने, मात्रा चुकली की मनगटावर. लोक म्हणतात जुनी शिस्त. मी नाही म्हणत. आज पन्नाशीत एकताल ऐकताना बारा मात्रा आपोआप बोटांवर मोजल्या जातात हे खरं, पण मनगटही आठवतं.

मिरजेचा_तंबोरा :
माझ्या मावशीचा क्लास डोंबिवलीला, मुंबईत धरत नसाल तरी लिहिते. लॉकडाउनमध्ये मोबाइलवर आणला. एकत्र गायला गेलं की प्रत्येकाचा आवाज मागेपुढे, बारा पोरं बारा ठिकाणी समेवर येतायत. शेवटी सगळ्यांना म्यूट करून ती एकटी गायची आणि स्क्रीनवर नुसती तोंडं हलताना बघायची. तोंड उघडण्यावरून कळतं म्हणायची कोण आ नीट लावतंय ते. दोन जणी मात्र पकडल्या, हलतायत पण गात नाहीत.

आता बॅचेस परत घरी भरतात, फी अजून पाकिटातच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आलाय, खरा तंबोरा नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून भिंतीला उभा असतो, महिन्यातून एकदा खोळ उघडून ती तारांखालचा दोरा सरकवत बसते. जवारी लागली, म्हणजे तार नीट घुमायला लागली, की आतून हाक मारते, ये गं ऐक. मी पोळ्या सोडून जाते.

धागाकर्ता :
डोंबिवली चालेल की. आणि @डग्गा, सरांच्या वह्यांचे फोटो काढून ठेव बाबा, चुकांसकट. आमच्या बाईंची फीची वही मला मिळाली आहे, त्यात माझ्या नावापुढे जून १९९३ चे २५ रुपये बाकी दिसतायत. बाईंना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, पुण्याला ये आणि रोख दे.