घरचा सर्व्हर: जोडावा की तयार आणावा?

वायरमन
'घरी सर्व्हर जोडणं म्हणजे वेळ आणि वीज दोन्हींची नासाडी, तयार डबा आणा आणि विसरा' असं काल एकाने ठासून लिहिलंय. सर्व्हर म्हणजे फोटो, फाइली ठेवायला सतत चालू असलेला संगणक; सुटे भाग जोडून करा, नाहीतर तयार डबा घ्या. वेळेचं मान्य. विजेचं साफ चूक. माझं एन१०० चं (इंटेलचा कमी वीज खाणारा प्रोसेसर) बोर्ड, तीन एसएसडी (न फिरणाऱ्या चिपच्या डिस्क), फिरती डिस्क एकही नाही. प्लगला मीटर लावून मोजलं: काम नसताना ९ वॅट, म्हणजे वर्षाला ७९ युनिट. आधी १७ येत होते. पॉवरटॉपमध्ये (वीज कुठे जाते ते दाखवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसर सी२ च्या खाली उतरतच नव्हता; सी च्या पुढचा आकडा जितका मोठा तितकी त्याची झोप गाढ. दोन रात्री खपलो, तेव्हा कळलं की जादा साटा पोर्टांचं (डिस्क जोडायच्या खाचांचं) कार्ड त्याला झोपू देत नव्हतं. कार्ड काढलं, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एएसपीएम, म्हणजे कार्डांच्या जोडण्यांची वीजबचत, चालू केलं, थेट सी८. तयार डब्यात हे करून दाखवा.

रात्रपाळी
ते मीच लिहिलं होतं. दोन रात्री ८ वॅटसाठी! माझा डबा चार वर्षं चालू आहे, झाकणाला हात लावलेला नाही. घरच्यांचे फोटो आहेत त्यात, मला प्रयोगशाळा नकोय.

जुनाखोका
पॉवर सप्लायचं कुणीच का बोलत नाही? लोक ६५० वॅटचा गोल्ड (८० प्लस या कार्यक्षमतेच्या लेबलाचा एक दर्जा) घेतात आणि ३० वॅटवर चालवतात. म्हणजे ५ टक्केही भार नाही. टायटेनियम या वरच्या दर्जाच्या खाली १० टक्के भारावर कार्यक्षमतेची अटसुद्धा नसते, मग त्या लेबलाचा उपयोग काय? हे मी दर वेळी सांगतो.

साधासुधा
भांडण प्रोसेसरवर चाललंय आणि वीज खातात डिस्क. साडेतीन इंची एक डिस्क नुसती फिरली तरी ४-५ वॅट. चार असतील तर एन१०० ची बचत कुठल्या कुठे गेली. रात्री झोपवा त्यांना, म्हणजे फिरणं थांबवा.

रात्रपाळी
कृपा करून हा सल्ला देऊ नका! हा डबा घ्यायच्या आधी मी झोपवत होतो. दर अर्ध्या तासाने खर्रकन उठायच्या. वर्षभरात एक गेली, आणि नवी घालून रिबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर डेटा पुन्हा भरणं) चालू असताना दुसरी. वडिलांचे आवाज रेकॉर्ड केलेले होते, त्यातले निम्मे गेले.

साधासुधा
वाईट वाटलं, खरंच. पण दर अर्ध्या तासाने म्हणजे त्यांना कुणीतरी उठवत होतं. स्मार्टडी, म्हणजे डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्रॅम, त्याचं डिफॉल्ट तपासणीचं अंतर ३० मिनिटंच आहे, स्टँडबायचा (झोपलेल्या डिस्कला सोडून द्यायचा) पर्याय दिला नाही तर ते झोपलेली डिस्क उठवू शकतं. दोष झोपवण्याचा नाही.

रात्रपाळी
म्हणजे माझीच चूक? हेच तर म्हणतोय मी! एक पर्याय राहिला की डेटा जातो. सामान्य माणसाने हे कुठून शिकायचं?

वायरमन
डेटा गेला तो बॅकअप नव्हता म्हणून. रेड (एक डिस्क गेली तरी चालावं म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधणं) म्हणजे बॅकअप नव्हे, डबा तयार असो की जोडलेला.

रात्रपाळी
ते तेव्हाच शिकलो, तुम्ही सांगायची गरज नाही. आता दुसरी प्रत बहिणीकडे असते.

जुनाखोका
बहिणीकडचा पॉवर सप्लाय किती वॅटचा?

रात्रपाळी
मीटर आणून लावला. डबा ३४ वॅट खातोय, काम नसताना. एवढे असतील असं वाटलं नव्हतं. विजेचा मुद्दा वायरमन यांचा. डिस्क मात्र झोपवणार नाही.