हरित हायड्रोजनसाठी लागणारे इरिडियम खरोखर किती कमी करता येईल?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. मी उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. विद्युत अपघटनाचा पाठ चालू असताना बारावीच्या एका विद्यार्थिनीने वहीत मांडून आणलेला हिशेब येथे देत आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे, म्हणजे सौर-पवन अशा अक्षय विजेने पाण्यापासून मिळवलेल्या हायड्रोजनचे उद्दिष्ट ठरले. त्यासाठी ६० ते १०० गिगावॅट क्षमतेचे इलेक्ट्रोलायझर (पाण्याचे विद्युत अपघटन करणारी यंत्रे) लागतील, असा अंदाज आहे. प्रोटॉन विनिमय पडद्याच्या, म्हणजे पीईएम प्रकारच्या यंत्रांत एका गिगावॅटमागे उत्प्रेरक म्हणून सुमारे ४०० किलो इरिडियम धरले, तर एकूण गरज २४ ते ४० टनांची होते. जगात मात्र हा धातू वर्षाला जेमतेम ७ ते ८ टन निघतो, आणि तोही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणकामातील उपउत्पादन म्हणून. म्हणजे साऱ्या जगाचे तीन ते पाच वर्षांचे इरिडियम एकट्या भारतालाच हवे का, असा तिचा प्रश्न आहे. इरिडियमच्या जागी मँगनीज चालेल असेही वाचनात आले. ते खरे असेल, तर आपल्या गोव्यातील सांगे-रिवण भागातील मँगनीजचा त्यासाठी काही उपयोग आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (वेर्णा)

हिशेब बरोबर आहे, मात्र त्यातील सर्व यंत्रे पीईएम प्रकारचीच असतील हे गृहीतक टिकणारे नाही. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे २५ ते ३० टक्क्यांचे द्रावण असते, अग्रे (इलेक्ट्रोड) निकेलची असतात आणि इरिडियमचे नावही नसते. पीईएममध्ये त्याची गरज पडते, कारण तेथील पडदा तीव्र आम्लासारखा वागतो आणि धनाग्रावर ऑक्सिजन सुटत असताना दीड व्होल्टच्या वरच्या विभवाला (व्होल्टेजला) निकेल, कोबाल्ट, लोखंड हे सारेच विरघळू लागतात. रुथेनियम इरिडियमपेक्षा अधिक चपळ उत्प्रेरक आहे, पण तेही फार काळ टिकत नाही.

पीईएमपुरता विचार करायचा, तर उत्प्रेरक प्रति चौरस सेंटीमीटर किती मिलिग्रॅम आहे एवढेच पाहून भागत नाही. प्रति किलोवॅट किती ग्रॅम लागतो ते पाहावे. धनाग्रावर २ मिलिग्रॅम इरिडियम असून दर चौरस सेंटीमीटरला २ अँपिअर प्रवाह १.९ व्होल्टला वाहत असेल, तर ३.८ वॅटमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे गिगावॅटमागे सुमारे ५३० किलो धातू लागतो. थर ०.४ मिलिग्रॅमवर आणला की हा आकडा १०५ किलोपर्यंत उतरतो. त्यापुढे प्रवाह ३ अँपिअरपर्यंत वाढवला आणि विभव २ व्होल्टवर गेले, तर तो ६७ किलोच्या आसपास येतो. मात्र विभव ०.१ व्होल्टने वाढले की प्रत्येक किलो हायड्रोजनमागे सुमारे २.७ युनिट वीज जास्त लागते, म्हणजे धातूत वाचवलेले पैसे वीजबिलात जातात. कोणी इरिडियम नव्वद टक्के कमी केल्याचा दावा केला, तर तो कोणत्या विभवाला, हे आधी विचारावे.

उत्तर (ताळगाव)

वरील उत्तरात टिकाऊपणाची भर घालणे आवश्यक आहे, कारण थर पातळ करण्यातील खरी अडचण तेथेच आहे. इरिडियम ऑक्साइडचा थर फार विरळ झाला की तो सलग राहत नाही, त्यातील काही कण टायटॅनियमच्या सच्छिद्र पत्र्याला टेकत नाहीत, आणि न टेकलेले कण असून नसल्यासारखेच. म्हणूनच टायटॅनियम ऑक्साइडसारख्या स्वस्त आधारावर इरिडियमचा पातळ लेप देणे किंवा टायटॅनियमच्या पृष्ठभागावरच काम करणे, अशा दिशांनी बरेच संशोधन चालते.

दुसरी गोष्ट सौर विजेशी निगडित आहे आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांखाली राहणाऱ्या गोव्यात ती लक्षात ठेवायला हवी. यंत्र थांबले की ऋणाग्राकडील हायड्रोजन पडद्यातून धनाग्राकडे झिरपतो आणि तेथील ऑक्साइडचे अंशतः धातुरूप इरिडियमात रूपांतर करतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की हे धातुरूप इरिडियम ऑक्साइडपेक्षा लवकर विरघळते. ढग येता-जाता यंत्र वारंवार बंद-चालू होत असेल, तर ही झीज साठत जाते. जाड थराला ती सोसते, पातळ थर मात्र त्यात लवकर निकामी होतो. प्रयोगशाळेत स्थिर प्रवाहावर मिळालेले आयुष्य वाचताना हे विसरू नये.

मँगनीजविषयी वाचलेले निराधार नाही. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०२४ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर इरिडियमचे सुटे अणू बसवून इरिडियमची गरज ९५ टक्क्यांहून अधिक कमी करता येते, हे दाखवले. तेथेही इरिडियम थोडे का होईना राहतेच, आणि लागणारा मँगनीज ऑक्साइड विशिष्ट रचनेचा व शुद्ध असावा लागतो. रिवणच्या खनिजात लोह मिसळलेले असते. ते काढून टाकण्याचा खर्च उत्प्रेरकाला लागणाऱ्या अल्पशा मँगनीजसाठी कोण करील? खाणी त्यासाठी उघडतील, अशी आशा मुलांना लावू नये हे बरे.

प्रश्नकर्ता (फोंडा)

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मग यंत्राची निवड वापरावर अवलंबून आहे, असे मी समजावे का? झुआरीनगरच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी अमोनियासाठी हायड्रोजन चोवीस तास लागतो. तेथे अल्कलाइनच योग्य ठरेल काय?

उत्तर (वेर्णा)

होय, माझे मत तसेच आहे. अल्कलाइन यंत्राचे दुखणे कमी भाराला सुरू होते: प्रवाह उतरला की ऑक्सिजनमध्ये झिरपलेल्या हायड्रोजनचे प्रमाण वाढते, आणि ते ४ टक्क्यांच्या स्फोटमर्यादेच्या बरेच आत ठेवावे लागत असल्याने यंत्र त्याआधीच बंद करावे लागते. अखंड वीज आणि अखंड मागणी असेल, तर हा प्रश्न बहुतांशी उरत नाही. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या विजेवर चालवायचे असेल किंवा जागा फार कमी असेल, तेथेच इरिडियम खर्ची घालावे. ऋणायन विनिमय पडद्याची यंत्रे अल्कलाइन आणि पीईएम या दोहोंचे गुण एकत्र आणू पाहतात, पण त्यांच्या पडद्यांनी आधी वर्षानुवर्षे टिकून दाखवावे.

उत्तर (मडगाव)

पुनर्वापराचा उल्लेख राहिला आहे. वापरलेल्या पडद्यांतून इरिडियम परत मिळवणे शक्य आहे, परंतु ते सोने विरघळवणाऱ्या अम्लराजातही (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणातही) सहजासहजी विरघळत नाही. शिवाय फ्लोरिनयुक्त पडदा जाळल्यास हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू निघतो, त्यामुळे हे काम भंगारवाल्याकडे देण्यासारखे मुळीच नाही. यंत्रसंच ६० ते ८० हजार तास चालतात, म्हणजे आज बसवलेल्या यंत्रांतील धातू सात ते दहा वर्षांनीच हाती येईल आणि २०३० च्या उद्दिष्टाला त्याचा फारसा आधार मिळणार नाही. म्हणून खरेदीच्या करारातच यंत्रातील इरिडियमचे वजन, त्याची मालकी आणि ते परत घेण्याची जबाबदारी लिहून घ्यावी. विद्यार्थिनीने हिशेबात पुनर्वापराचा रकाना घालायचा ठरवले, तर तो २०३२ नंतरच्या वर्षांपासून सुरू करावा.