विषय: लेकीची शी-शूची सवय आणि डिसेंबरातली भारतवारी

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. डिसेंबरात नेवार्कहून मुंबई, तिथून गाडीने पुणे आणि मग कोल्हापूरला सासरी, असे साडेतीन आठवडे जातोय. लेक २ वर्षं ८ महिन्यांची. डायपर सुटून जेमतेम पाच आठवडे झालेत. घरी स्वतःहून सांगते. पण परवा मॉलमध्ये ती बसलेली असतानाच आपोआप चालणारा फ्लश सुटला. किंचाळून माझ्या गळ्याला बिलगली, ती घरी येईपर्यंत सोडेना. तेव्हापासून बाहेरच्या टॉयलेटच्या दारातच पाय रोवून उभी राहते आणि घरी पोचेपर्यंत धरून ठेवते. पंधरा-सोळा तासांच्या विमानात काय करू? परत डायपर लावला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल का? शिवाय सासरी "अजून हिला सांगता येत नाही?" असं कोणी म्हणेल, त्याचंही दडपण आहे.

---

ताई,

माझी दोन्ही मुलं या वाटेने गेली आहेत. आधी तिची भीती घालवा, बाकीचं मागाहून. तो फ्लश डोळा लावलेला असतो, समोरचं माणूस हललं की सुटतो. पर्समध्ये पोस्ट-इटचा गठ्ठा ठेवा आणि तिला बसवायच्या आधी त्या डोळ्यावर चिठ्ठी चिकटवा. तिलाच चिकटवू द्या. ती उतरून दारापाशी गेली की मगच काढायची. विमानातला फ्लश तर फारच मोठ्याने ओढतो. तिथे आधी झाकण लावा, तिला कान झाकायला सांगा, मग बटण दाबा.

विमानात आत चड्डी आणि वरून पुल-अप (चड्डीसारखा चढवायचा डायपर) घाला. ओलं झालं तर तिला कळतं आणि सीट वाचते. सवय मोडत नाही, मी दोनदा केलंय. विमानात चढण्याआधी एकदा न्याच. उतरायच्या तासभर आधीही न्या, कारण पट्ट्यांचा दिवा लागला की कोणी उठू देत नाही.

घडीची पॉटी आणि तिच्या पिशव्या आजच मागवा. आधी हॉलमध्ये, मग गाडीत, मग लायब्ररीच्या पार्किंगमध्ये, अशी त्याच पॉटीवर बसायची सवय करा. एक्सप्रेस वेला घाटात गाड्या तुंबल्या की फूड मॉल गाठेपर्यंत लेकराला दम निघत नाही. पॉटी डिकीत नको, हाताशी ठेवा.

एक गोष्ट मात्र खरंच जपा. माझ्या मुलाने आजोळी चार दिवस शी धरून ठेवली. मग खडा झाला, दुखलं, आणि दुखलं म्हणून तो आणखीच धरायला लागला. हट्ट नव्हता तो, भीती होती. मला ते उशिरा कळलं. घड्याळ साडेदहा तासांनी उलटतं, तसं पोटाचंही उलटतं. पहिला आठवडा चड्ड्या ओल्या होणारच. जेवण झालं की दहा मिनिटांनी बसवा, खाल्ल्यावर आतडी आपसूक हलतात. पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका द्या, दूध जरा आवरा. फार दुखलं किंवा रक्त दिसलं तर वाट न बघता लगेच डॉक्टरांना विचारा. रात्रीचा डायपर राहू द्या, ती गोष्टच वेगळी आहे.

---

अगं बाळ,

मी सांगलीची, सध्या लेकाकडे आलेय. आम्ही पाटावर बसून पोराला आमच्या दोन पावलांवर बसवायचो, पाठीला नडग्यांचा टेका. पाय टेकले की पोट मोकळं होतं, म्हणून कमोडवर बसवशील तेव्हा पायांखाली स्टूल दे. भारतीय संडासात समोरून तिचे दोन्ही हात धर आणि आधी चपला घालून नुसतं उभं राहू दे. जेट स्प्रे लगेच नको, जोर एकदम येतो. मगातून कोमट पाणी घे. डिसेंबरात सकाळी टाकीचं पाणी बर्फासारखं लागतं, त्याने पोर हबकतं.

"आमच्या वेळी वर्षात सुटायचं" म्हणतील सगळे. तेव्हा लंगोट भिजला की लगेच कळायचं आणि उचलून न्यायला घरात चार माणसं असायची. तू एकटीने केलंस. सासूबाईंना तुझ्या नवऱ्याने आधीच फोन करावा: चड्डी ओली झाली तर चारचौघांत कोणी "शी शी" म्हणायचं नाही, गुपचूप बदलायची. पोराला लाज वाटली की ते लपून करायला लागतं.

---

ताई, काकू,

काल लायब्ररीत पिवळी चिठ्ठी तिने स्वतः चिकटवली. बसली नाही, पण आतपर्यंत आली आणि चिठ्ठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. पॉटी मागवलीय. ह्यांनी कोल्हापूरला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, संडासाबाहेर गरम पाण्याची बादली रोज भरून ठेवीन.